शिशाचं सील

डिझेल इंजिनाच्या पंपावर एक छोटं सील असतं. बारीक तारेत ओवलेला शिशाचा मणी, वाटाण्याएवढा. पकडीने दाबला की तो चपटा होतो आणि त्यावर गॅरेजची खूण उमटते. त्या तारेखाली एक स्क्रू असतो. इंजिनाला जास्तीत जास्त किती डिझेल मिळावं हे तो स्क्रू ठरवतो. इंजिन बनवणाऱ्यांनी तो विचार करून एका जागी बसवलेला असतो, आणि पुढे कोणाचा हात लागू नये म्हणून वर सील.

असं एक तुटलेलं सील गेली वीस-बावीस वर्षं माझ्या दाढीच्या डब्यात आहे. बायको खाडीकाठची आहे. तिला ते गळाला लावायचं शिसं वाटतं. "मासे तर कधी पकडत नाही, हे कशाला ठेवलंय?" असं ती एकदा म्हणाली होती. मी म्हटलं, असू दे.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी बाहरीनला आलो. चिपळूणजवळचं गाव, आयटीआयचं सर्टिफिकेट, मुंबईत चार वर्षं पंपांच्या दुकानात काढलेली. इथे सित्र्याच्या वाटेवर एका मोठ्या गॅरेजात मला पंपरूम मिळाली. अख्ख्या गॅरेजात एसी असलेली ती एकच खोली, कारण पंपाच्या कामाला धूळ चालत नाही. त्यामुळे प्रत्येक ड्रायव्हरला आपल्या पंपात काहीतरी बिघाड आहे असं जून ते सप्टेंबर वाटत राहायचं. येऊन बसायचे, गार व्हायचे, जायचे.

चाचा त्यातलेच एक. रत्नागिरीकडचे, आमच्याच खाडीच्या पलीकडच्या मोहल्ल्यातले. पन्नाशीला आलेले, उंच, दाढीला मेंदी. पहिल्या दिवशी माझ्या हातून नोझल पडलं आणि मी मराठीत शिवी घातली, तेव्हा दारातून आवाज आला, "अरे, ही तर आमच्या गावची शिवी!" तेव्हापासून ते मला मेस्त्री म्हणायचे आणि मी त्यांना चाचा.

त्यांची कंपनी दगड वाहायची. दक्षिणेकडच्या खाणीतून भरायचे आणि मनामाच्या उत्तरेला समुद्रात टाकायचे. समुद्र बुजवून जमीन करण्याचं काम चाललं होतं. रोज आठ फेऱ्या. ज्याच्या आठ झाल्या तो मोकळा. बाकीचे ड्रायव्हर दुपारच्या असरच्या नमाजेला मोकळे व्हायचे, चाचा सूर्य बुडताना. त्यांचा ट्रक सगळ्यांत जुना. खाणीतून वर यायला एक लांब चढ होता, त्यावर भरलेली गाडी अगदी चालत यायची आणि मागून येणारे पठाण ड्रायव्हर हॉर्न मारून पुढे जायचे. "कोकनी, गाडी को चाय पिलाओ!" असं ओरडायचे. चाचा हसून हात करायचे. पण असरची नमाज रोज रस्त्यात, धुळीत, ट्रकच्या सावलीत पढावी लागते याचं त्यांना वाईट वाटायचं. मशिदीत, सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहायचं एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

एकदा चहा पिताना म्हणाले, "मेस्त्री, माज्या गाडीला जरा दम दे की."

मी म्हटलं, "गाडी काय ऐकणार चाचा? तुम्हालाच देतो."

"मला दम द्यायला माजी बायको हाय. तू गाडीचा बघ."

तेव्हा माझं नाव झालेलं होतं. स्क्रू थोडा फिरवून गाडी ओढायला लावणारा, धूर मात्र फारसा न काढणारा पंपवाला म्हणून दुसऱ्या कंपन्यांचे ड्रायव्हरही मला विचारत यायचे. मॅनेजरला हे माहीत नव्हतं. तो इंग्रज होता, नियमाचा कडक. मी सील तोडायचो, स्क्रू फिरवायचो आणि आमच्याच गॅरेजच्या पकडीने नवं सील मारून द्यायचो. वरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही.

चाचांच्या पंपाला मी अर्धा फेरा दिला. खरं तर पाव फेरा पुरे होता. पण गाडी जुनी, चढ मोठा, आणि चाचा आपले. आपल्या माणसाला हात आखडता कशाला घ्यायचा, असं वाटलं. त्या वेळी तो मला मायेचा हिशोब वाटला होता.

आठवड्याने चाचा खजुराचं खोकं घेऊन आले. पठाणांना चढावर मागे टाकलं होतं. "हॉर्न मारला नाय मी. फक्त हात केला," असं दोनदा सांगितलं. असरला मशिदीत पोचत होते. त्यांचा चेहरा बघून मला असं वाटलं होतं की मुंबईत पंपांच्या दुकानात जे शिकलो ते सगळं कामी आलं.

आता इंजिनाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर माझा दोष नीट कळणार नाही. इंजिनात कंपनीने ठरवल्यापेक्षा जास्त ताकद असते. ती खोटी नसते. स्क्रू फिरवला की खरोखर मिळते. पण ती राखून ठेवलेली असते, उन्हाळ्यासाठी, जास्त ओझ्यासाठी, वय होईल तेव्हासाठी. जास्तीचं डिझेल जळतं तेव्हा जास्तीची उष्णता होते. ती पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हवर, हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, गॅस्केटवर बसते. इंजिन लगेच तक्रार करत नाही. महिनोन् महिने छान चालतं, उलट अधिक छान चालतं, आणि आतून एकेक गोष्ट थकत जाते. हे मला ठाऊक होतं. पुस्तकात वाचलेलं नव्हे, बंद पडलेली इंजिनं उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. तरी मी फिरवत होतो, कारण बिघडलेली गाडी दुसऱ्या खोलीत जायची, हेडच्या कामाला. माझ्याकडे यायचे ते फक्त खूश ड्रायव्हर.

पाच-सहा महिन्यांनी चाचा म्हणाले, "मेस्त्री, गाडी पाणी प्यायला लागली." एक दिवसाआड रेडिएटरमध्ये पाणी घालावं लागत होतं. मी म्हटलं, "उन्हाळा आहे चाचा, आपण नाही का पीत?" ते हसले. मीही हसलो. त्या वाक्यावर मी हसलो होतो हे मला अजून आठवतं.

मग खंडेनवमी आली. आमच्या पंपरूममध्ये आम्ही तिघे हिंदू होतो, मी आणि दोघे साताऱ्याकडचे. आमचा अरब मालक दिलदार माणूस. पहिल्या वर्षी मी त्याला समजावलं होतं की आज हत्यारांची पूजा असते आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. तो म्हणाला होता, "म्हणजे मशीनची ईद! खलास, दुपारनंतर तुमची खोली बंद." तेव्हापासून दर वर्षी तशी मुभा होती. पंप तपासायचा टेस्ट बेंच पुसून घ्यायचो. टॉवेलवर पाने, पेचकस, पकडी ओळीने मांडायचो, हळदकुंकू लावायचो. झेंडू मिळायचा नाही म्हणून प्लॅस्टिकचा हार. स्टोव्हवर शिरा. आई गावाहून पाकिटातून आपट्याची पानं पाठवायची, ती दसऱ्याला वाटायची. चाचा दर वर्षी न चुकता आपलं सोनं घेऊन जायचे. त्यांच्या गावातही म्हणे दसऱ्याला हिंदू शेजारी पानं घेऊन यायचे आणि यांची आई त्यांना नारळ द्यायची.

त्या वर्षी चाचा पूजा झाल्यावर आले. दारातच चपला काढल्या. कपाळावर घाम होता.

"मेस्त्री, आज गरमीची सुई दोनदा लाल रेघेला टेकली. हे नको आता. पहिल्यासारखं करून टाक. पाच मिन्टाचं काम."

पाच मिनिटांचंच होतं. पकड टॉवेलवर, माझ्यापासून हातभर. खोलीत त्या वेळी दुसऱ्या कंपनीचे दोन ड्रायव्हर बसलेले होते. माझ्या स्क्रूची कीर्ती ऐकून आले होते, दसऱ्यानंतर त्यांच्या गाड्या आणणार होते. त्यांच्यासमोर चाचा सांगत होते की हे नको, काढून टाक.

मी म्हटलं, "आज हत्यार उचलत नाही चाचा."

त्यांची नजर टॉवेलकडे गेली आणि त्यांनी लगेच दोन्ही हात वर केले. "हां हां, माजं ध्यानात नाय राहिलं. आज तुमची पूजा. राहू दे, राहू दे. उद्या येतो. सोनंपण उद्याच घेऊन जाईन."

मी त्यांना शिरा दिला. दोन्ही हातांत घेऊन त्यांनी खाल्ला. जाताना मी म्हटलं, "शुवय शुवय चालवा." अरबीत हळूहळूला असं म्हणतात. गाडी इथेच ठेवून जा, असं मी म्हणायला हवं होतं. गाडी ठेवली असती तर मॅनेजरने कारण विचारलं असतं.

मी धार्मिक माणूस नव्हतो, आजही नाही. मशीन बंद पडली असती आणि मॅनेजरने बोलावलं असतं, तर मी कुंकू पुसून पाना उचलला असता. चाचांनी माझ्या पूजेचा मान राखला. मी तिचा आडोसा केला.

दसऱ्याच्या सकाळी, दुसऱ्या फेरीला, चढाच्या मध्यावर त्यांची गाडी बसली. हेडचं गॅस्केट फुटलं होतं. गॅस्केट फुटलं की इंजिनातला जाळाचा दाब पाण्यात शिरतो आणि पाण्याचे पाइप फुगतात. चाचा जुने ड्रायव्हर, रेडिएटरचं झाकण त्यांनी उघडलं नाही. त्यांनी फक्त बॉनेट उचललं आणि बघायला वाकले. त्याच क्षणी वरचा रबरी पाइप फुटला. उकळतं पाणी तोंडावर आलं.

हे मला दहा वाजता कळलं, ट्रक ओढून आमच्या गॅरेजात आणला तेव्हा. चाचांना इस्पितळात नेलं होतं. मॅनेजर म्हणाला, "पंप तपास. मी फोन करून येतो, मग रिपोर्ट लिहू."

ट्रकजवळ मी एकटा होतो. बॉनेट उघडं. सगळीकडे पाण्याचे डाग. पंपावर माझं सील, आमच्या गॅरेजची खूण स्वच्छ दिसत होती. पंप बेंचवर लावला की डिझेल जास्त जातंय हे उघड होणार होतं, आणि सील शाबूत म्हणजे ते काम गॅरेजचं, म्हणजे माझं. त्याच मॅनेजरच्या टेबलावर माझ्या बायकोच्या व्हिसाचा कागद सहीला पडला होता. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि आम्ही एकत्र राहिलो होतो ते दोन सुट्ट्यांत.

मी पंपरूममध्ये गेलो. दसरा होता, हत्यारं आता उचलायला हरकत नव्हती. टॉवेलवरून पकड घेतली. त्या वर्षी पूजेनंतर माझ्या हत्यारांनी केलेलं पहिलं काम म्हणजे ते सील तोडणं. तार ओढून काढली, शिसं खिशात टाकलं.

मॅनेजर आला. बॅटरी मारून बघितलं आणि इंग्रजीत म्हणाला, "सील नाही. ड्रायव्हरने हात लावलाय."

मी म्हटलं, "येस सर."

मग त्याने पंपावर बोट फिरवलं. बोटाला लाल लागलं. "हे काय, गंज?"

पकडीचं कुंकू होतं ते.

"येस सर. गंज."

चौथ्या दिवशी भेटीच्या वेळेला मी इस्पितळात गेलो. चेहऱ्यावर, डोळ्यांवर पट्ट्या. दाढी काढलेली होती, त्यामुळे दुसराच कोणी माणूस वाटत होता. मी खुर्ची सरकवली तसे ते म्हणाले, "कोण?"

"मी. मेस्त्री."

"ये, बस. तुजा सायब येऊन गेला." त्यांना बोलताना ओठ दुखत होते. "म्हणाला, सील नव्हतं पंपाला. मला विचारलं, तू तोडलंस काय? मी म्हटलं, हां, मीच तोडलं. मीच फिरवला स्क्रू."

शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकत होता. चाचांनी विचारलं, "तुज्या बायकोच्या कागदाचं काय झालं?"

"सही झाली."

"बरं झालं," चाचा म्हणाले.

इथल्या बोलीत माणसाला कामावरून काढून कायमचं घरी पाठवलं की त्याला "कॅन्सल केला" म्हणतात. व्हिसा कॅन्सल, म्हणून माणूसही कॅन्सल. चाचांना महिन्याने कॅन्सल केलं. गाडीत ढवळाढवळ केली हा शेरा होता, म्हणून तिकिटाशिवाय हातात काही पडलं नाही. एक डोळा गेला होता. दुसऱ्याने उजेड-सावली कळायची. विमानतळावर त्यांच्या कंपनीतल्या एका मल्याळी माणसाने कोपर धरून त्यांना आत नेलं. मी काचेपलीकडून पाहिलं. हाक मारली नाही.

तो ट्रक मीच दुरुस्त केला. हेड उघडलं तेव्हा एका पिस्टनचा माथा मेणासारखा वितळलेला होता. नवे पिस्टन, नवे लायनर घातले, पंप बेंचवर लावून कंपनीच्या मापाला आणला आणि सील मारलं. पुढे सहा वर्षं तो ट्रक एकदाही मोठ्या कामाला आला नाही. चढावर हळू चढायचा, पण चढायचा. त्या सीलला मी किंवा कोणीच पुन्हा हात लावला नाही. स्क्रू वाढवून मागणाऱ्यांना मी नाही म्हणू लागलो. सुरुवातीला चिडायचे, "मेस्त्री आता साधू झाला," म्हणून टोमणे मारायचे, मग येईनासे झाले.

बायको आली. गुदैबियात खोली घेतली. मुलगी झाली, ईसा टाउनच्या शाळेत गेली. हे सगळं चांगलं झालं आणि ते कशावर उभं आहे ते मला माहीत होतं. खंडेनवमीला मी पूजा करणं सोडलं. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा जास्त काम करतो. बायकोने विचारलं तेव्हा सुट्टी मिळत नाही म्हणून सांगितलं.

चाचा कॅन्सल झाल्यावर दोन वर्षांनी गावी गेलो तेव्हा चाचांकडे गेलो. ठरवून गेलो होतो. बोलायला जमणार नाही हे ओळखून खिशात शिसं घेतलं होतं, ते त्यांच्या हातात ठेवायचं, की झालं. वैशाखाचे दिवस. तरीतून खाडी ओलांडून मोहल्ल्यात पोचेपर्यंत शर्ट भिजला. चाचा ओटीवर बसलेले होते, काळा चष्मा, दाढी परत वाढलेली, मेंदी नव्हती. माझ्या "चाचा" म्हणण्यावरून त्यांनी ओळखलं.

"मेस्त्री! अगं, बाहरीनचा मेस्त्री आला!" त्यांनी आत हाक दिली. चाचींनी कोकमाचं सरबत आणलं. माझ्याकडे बघून त्या हसल्या. त्यांना काही सांगितलेलं नव्हतं हे त्या हसण्यावरून कळलं.

चाचांनी सगळ्यांची विचारपूस केली. पठाणांची, मालकाची. मग म्हणाले, "गाडी चालते?"

"चालते."

"चढावर?"

"हळू चढते."

"मग चालेल," ते म्हणाले.

चाची आत गेल्यावर मी त्यांचा हात घेतला आणि तळव्यावर ते शिसं ठेवलं. त्यांनी अंगठ्याने ते चाचपलं. चपटी बाजू, खूण, तारेचा तुटका शेंडा. बराच वेळ ते बोटांत फिरवत राहिले. त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. चष्म्यामुळे असेल, किंवा मी नीट बघितलं नसेल. मग त्यांनी चाचपडत माझ्या शर्टाचा खिसा शोधला आणि ते परत आत टाकलं.

"हे तुजं," ते म्हणाले. "माजं त्या वर्षीचं सोनं राहिलं तुज्याकडे. ते दे."

वैशाखात कुठलं सोनं? तरी मी उठलो. त्यांच्या घरामागे, दगडी गडग्याला लागून एक आपटा होता, तिथे गेलो. नुसत्या काटक्या होत्या. एकही पान नव्हतं. मी तसाच उन्हात उभा राहिलो. ओटीवर परत जाण्याआधी मला तोंड पुसायला लागलं.

"पाठवतो," मी म्हटलं. ते मान हलवून म्हणाले, "इंशाल्ला."

तेव्हापासून दर दसऱ्याला आईने गावाहून पाठवलेल्या पानांतलं एक मी नव्या पाकिटात घालून परत कोकणात पाठवत होतो. खाडीच्या एका काठावरचं पान बाहरीनला यायचं आणि दुसऱ्या काठावर जायचं. आई गेल्यावर बहीण पानं पाठवू लागली. दर वर्षी पाकिटाला गोंद लावण्याआधी मी कोरा कागद पुढे घ्यायचो. एक वाक्य लिहायचं होतं. लिहून झालं असतं तर चाचांना ते कोणीतरी वाचून दाखवलं असतं, घरातल्या सगळ्यांना कळलं असतं. म्हणून लिहीत नाही, असं मी स्वतःला सांगायचो. कागद परत ठेवून द्यायचो.

परवा मुलीला घेऊन सीफला गेलो होतो. तिला मॉलमध्ये काही घ्यायचं होतं. मी बाहेर गाडीजवळ थांबलो. मी बाहरीनला आलो तेव्हा तिथे समुद्र होता. पायाखालचे दगड कोणकोणत्या ट्रकमधून आले कोण सांगणार. परत आल्यावर ती म्हणाली, "बाबा, व्हाय डिडन्ट यू कम इन? इट्स सो हॉट." मी म्हटलं, इथे बरं वाटतं. तिला मराठी कळते, पण पुढे तिने विचारलं नाही.

गेल्या वर्षी चाचांच्या भाच्याचं पत्र आलं. चाचा गेले. शेवटी त्रास झाला नाही. भाच्याने पुढे लिहिलं होतं: त्यांच्या ट्रंकेत तुमची पाकिटं मिळाली. सगळी जपून ठेवलेली. प्रत्येकात एक वाळकं पान आहे, पण पत्र कशातच नाही. तुमच्याकडून घालायचं राहून जात असावं.

हो. राहून गेलं.